कोलेस्टेरॉलची गोळी आणि आतड्याचा आजार : खरं किती, तपासायचं बाकी किती

तायांनो, काकींनो, या अंकातला आरोग्याचा लेख एका प्रश्नावरून लिहिते आहे. एका ग्रामसंघाच्या बैठकीत हप्त्यांचं कामकाज आटोपलं, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि एका सदस्य काकींनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, हे खरं हाय काय?" मेसेज असा होता की कोलेस्टेरॉलची गोळी घेतली की क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार बरा होतो आणि ऑपरेशन टळतं. काकींचा चोवीस वर्षांचा मुलगा मुंबईला नोकरीला. त्याला हाच आजार. आतड्याचा एक भाग अरुंद झालाय, पुढेमागे ऑपरेशन लागेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि काकींच्या घरात, फळीवर, काकांच्या हृदयाच्या औषधांत तीच गोळी, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची. "ह्यांचीच अर्धी त्याला दिली तर?"

उत्तर आधी सांगून टाकते, कारण लेख शेवटपर्यंत वाचायला सगळ्यांना वेळ मिळेलच असं नाही. देऊ नका. पण मेसेज निव्वळ थाप आहे असंही नाही. त्यामागे खरं संशोधन आहे, फक्त ते अर्ध्या वाटेवर आहे. ती वाट नीट समजली तर असे मेसेज वाचायचे कसे हेही समजेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काकींना विचारूनच लिहितेय, नाव-गाव देत नाही.

आधी हा आजार काय ते बघू. आपल्या शरीरात राखणदार पेशी असतात. बाहेरून जंतू आला की त्या त्याच्यावर तुटून पडतात. क्रोन्समध्ये हे राखणदार आपल्याच आतड्यावर उठतात. आतड्याला सूज येते, आत जखमा होतात. पोटात कळा, वारंवार जुलाब, कधी रक्त, बारीक ताप, वजन उतरणं, अंगात रक्त कमी होणं. मध्येच काही महिने बरं वाटतं, मग परत उसळतो. जास्त करून तरुण वयात सुरू होतो. आनुवंशिकता, आतड्यातले जंतू, विडी-सिगरेट अशी अनेक कारणं त्यात एकत्र येतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कुणाच्या हातचं खाल्ल्यामुळे होत नाही आणि करणी-बाधेशी त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण सुनेला असा आजार असला की तिच्या वारंवार संडासला जाण्यावरून घरात काय बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. आणि बाईच्या अंगात रक्त कमी असलं की "पाळीमुळे असेल" म्हणून सोडून देतात, आतड्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

नाव परदेशी वाटतं, ते एका डॉक्टरांचं आडनाव आहे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तीन डॉक्टरांनी १४ रुग्णांची हकीकत छापली. लेखावर नावं इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने लावली, त्यात क्रोन पहिले आले, म्हणून आजारालाही त्यांचंच नाव पडलं.

आपल्याकडे या आजाराचं दुखणं दुहेरी आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. दोन्हींची आवडती जागा एकच, लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं ती. कळा त्याच, ताप तोच, वजन उतरणंही तसंच. दुर्बीण घालून तुकडा तपासला तरी कधी कधी डॉक्टरांना खात्रीने सांगता येत नाही. मग आपल्या देशात टीबी जास्त, म्हणून बऱ्याचदा आधी टीबीचा औषधोपचार देतात आणि दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बिणीतून बघतात. जखमा भरल्या तर टीबी, नाही भरल्या तर क्रोन्सचा विचार. यात डॉक्टर टाळाटाळ करतायत असं वाटतं, पण कारण पक्कं आहे. क्रोन्सची औषधं राखणदार पेशींना शांत करतात, आणि टीबी असताना राखणदार शांत केले तर टीबी सगळ्या अंगात पसरू शकतो. म्हणून "दोन महिने झाले, फरक नाही" म्हणून फाईल घरी टाकून देऊ नका. फरक पडला नाही, हीच तर डॉक्टरांना हवी असलेली माहिती असते.

आता मुद्द्याची गोष्ट. क्रोन्समध्ये ऑपरेशनची वेळ का येते?

आपल्यातल्या किती तरी जणी काजू प्रक्रियेच्या कामाला जातात. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी भाजते. एकदा भाजली तर नवी कातडी येते. पण त्याच जागी परत परत भाजत राहिली की तिथली कातडी जाड, राठ, आखडलेली होते. बोट पूर्ण सरळ होत नाही. आतड्याचंही तसंच होतं. सूज येते, जखम होते, शरीर ती भरून काढतं, परत सूज, परत जखम. प्रत्येक वेळी भरताना थोडा व्रण राहतो. आतडं म्हणजे मऊ, ताणलं जाणारं नळकांडं. व्रणावर व्रण चढून त्याची भिंत जाड आणि कडक होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. मग भाकरीचा घास पुढे सरकत नाही. जेवल्यावर थोड्या वेळाने पोट मुरडून दुखतं, गुडगुडतं, फुगतं, उलटी होते.

आज जी औषधं मिळतात ती सगळी सूज उतरवणारी आहेत. स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन, किंवा इंजेक्शनातून देतात ती इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब. सूज असेल तोवर त्यांचा उपयोग होतो. पण एकदा व्रण कडक झाला की तो विरघळवणारं औषध अजून नाही. मग दुर्बिणीतून फुगा घालून वाट रुंद करायची, नाहीतर ऑपरेशन करून तो भाग मोकळा करायचा किंवा कापून काढायचा. आणि कापून जोडलं तरी जोडाच्या जागी आजार परत येऊ शकतो. म्हणून डॉक्टर आणि संशोधक कितीतरी वर्षं एका गोष्टीच्या शोधात आहेत : व्रण धरूच नये, किंवा निदान हळू धरावा, असं एखादं औषध. या शोधात कोलेस्टेरॉलच्या गोळीचं नाव पुढे आलं.

ही गोळी कुठून आली ते ऐका, गंमत वाटेल. जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ होते. शेतकरी घरातले, लहानपणापासून बुरशीचं वेड. पेनिसिलीन बुरशीतून निघालं, तर कोलेस्टेरॉल कमी करणारं औषधही बुरशीत सापडेल अशा विचाराने १९७१ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो प्रकारच्या बुरशी तपासल्या. ज्या बुरशीत औषध सापडलं ती क्योटो शहरातल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेली निळसर-हिरवी बुरशी. आपण तांदळावर असं काही दिसलं की नाक मुरडून उन्हात घालतो! (आणि तेच करा. घरातल्या बुरशीतून औषध मिळत नाही, विषबाधा मात्र होते.) त्या शोधातून पुढे स्टॅटिन नावाचं औषधांचं घराणं तयार झालं. त्यातलं पहिलं, लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलं. काकांची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन याच घराण्यातली. हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी जगभर कोट्यवधी लोक ही औषधं घेतात, आणि त्या कामासाठी त्यांचा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे.

मग कोलेस्टेरॉलचा आणि आतड्याच्या व्रणाचा संबंध काय? तसा थेट नाहीच. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांचं कोलेस्टेरॉल आधीच कमी असतं, कारण खाल्लेलं अंगी लागत नाही. संबंध दुसरीकडे आहे. पोफळीच्या बागेला पाटाचं पाणी कसं येतं ते आठवा. वर एक तोंड, खाली पाट फुटत फुटत चार बाजूंना जातो. शरीरात कोलेस्टेरॉल असंच टप्प्याटप्प्याने तयार होतं. स्टॅटिन अगदी वरचं तोंड बुजवतं. त्यामुळे कोलेस्टेरॉलकडे जाणारं पाणी कमी होतं, पण त्याच पाटावरच्या इतर फाट्यांचंही कमी होतं. त्यातल्या एका फाट्यावर काही छोटे पदार्थ तयार होतात, ज्यांच्याशिवाय पेशीतली काही प्रथिनं कामाला लागत नाहीत. हीच प्रथिनं व्रण विणणाऱ्या पेशींना "विणा, आवळा" असा हुकूम देत असतात. पाणी कमी झालं तर हुकूमही मंदावेल, असा तर्क. शिवाय स्टॅटिन सूजही थोडी कमी करतं असं दिसलेलं आहे.

तर्क चांगला आहे. पण तर्काने पोट भरत नाही, म्हणून चाचणी. इथे एक शब्दाचा घोळ होतो तो आधी सोडवते. "चाचणी" म्हटलं की आपल्याला रक्त-लघवीची तपासणी वाटते. इथे चाचणी म्हणजे औषधाचीच परीक्षा. ते काम करतं का, कितपत करतं, आणि अपाय काय करतं.

ही परीक्षा पायरी-पायरीने होते. पहिली पायरी काचेच्या बशीतल्या पेशी. तिथे स्टॅटिनने व्रण विणणाऱ्या पेशी मंदावताना दिसल्या. पण बशीत औषध कितीही ओतता येतं, माणसाच्या रक्तात गोळीमधून तेवढं पोचतच नाही. दुसरी पायरी उंदीर. २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात आतड्याला सूज आणलेल्या उंदरांना सिमव्हास्टॅटिन दिलं, तर व्रण कमी धरला. आशेची गोष्ट आहे. पण उंदराची सूज आठवड्या-महिन्यांची असते आणि माणसाची वीस-वीस वर्षांची.

तिसरी पायरी माणसं. स्वीडनमध्ये क्रोन्सच्या १० रुग्णांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा मोठा डोस, रोज ८० मिलिग्रॅम, १३ आठवडे दिला. २००८ साली निकाल छापला. दहापैकी आठ जणांच्या रक्तातली सूज दाखवणारी खूण, सीआरपी, कमी झाली. हे वाचून कुणालाही वाटेल की झालं की काम! पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता. क्रोन्स आपणहूनही चढतो-उतरतो. नुसते दहा रुग्ण बघून उतरला तो गोळीने की आपणहून, हे सांगता येत नाही. आणि सूज बघितली होती, व्रण नाही.

मग आपल्याच देशातली गोष्ट. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी संस्थेतल्या डॉक्टरांचा सहभाग असलेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. आजार होता अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे क्रोन्सची सख्खी बहीण म्हणा, फक्त ती मोठ्या आतड्यापुरती राहते. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. निकाल? अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा फायदा दिसला नाही. बशीत दिसलं, उंदरात दिसलं, आणि माणसांत नीट तुलना केली तर दिसलं नाही, असं औषधांच्या बाबतीत नेहमी घडतं. म्हणूनच परीक्षा घ्यावी लागते. हा निकाल मोबाईलवर कुणी पाठवत नाही, हे लक्षात घ्या. "फायदा झाला नाही" ही बातमी फॉरवर्ड होत नाही.

अजून एक प्रकारचे अभ्यास असतात, जुन्या नोंदी चाळून केलेले. अमेरिकेत २०१२ साली औषधांच्या नोंदी बघून एक अभ्यास झाला. आतड्याच्या या दोन आजारांच्या रुग्णांपैकी जे आधीच स्टॅटिन घेत होते, त्यांना स्टेरॉइडची गरज थोडी कमी पडली. पण हा फरक मुख्यतः अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये होता. क्रोन्समध्ये तो इतका लहान की योगायोग म्हणून सोडून द्यावा. म्हणजे बघा, कोलायटिसमध्ये नोंदींनी "हो" म्हटलं आणि चंदीगडच्या चाचणीने "नाही". नोंदींवर विश्वास कमी ठेवायचा, कारण नियमित गोळ्या घेणारी माणसं मुळातच तब्येतीला जपणारी असतात. गटातसुद्धा जी ताई बचत वेळेवर भरते तिचं कर्जही वेळेवर फिटतं. ते काय पासबुकाच्या रंगामुळे नाही!

मग काकींच्या मुलाचा जो खरा प्रश्न आहे, व्रणाने अरुंद झालेल्या आतड्याचा, त्याची चाचणी कशी व्हायला हवी? दोन गट हवेत, कुणाला कुठली गोळी ते रुग्णालाही माहीत नको आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नको. व्रण सावकाश धरतो, म्हणून काळही लांब हवा. एमआरआयने आतड्याची भिंत मोजायची, आणि शेवटी किती जणांना ऑपरेशन लागलं ते मोजायचं. नवं खत आलं की शहाणा शेतकरी सगळ्या रानात टाकत नाही, दोन वाफे शेजारी-शेजारी ठेवतो आणि हंगाम पूर्ण होऊ देतो. तसंच हे. अशा चाचणीला पैसा आणि वर्षं लागतात. आणि माझं मत विचाराल तर अडतं ते पैशापाशीच. स्टॅटिनची पेटंटं संपलीत, गोळी जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळते. ती आतड्यावर चालली तरी कुठल्या कंपनीला मोठा नफा नाही. एकेका डोसला हजारो रुपये लागणाऱ्या इंजेक्शनांच्या चाचण्यांना कंपन्या पैसा घालतात. स्वस्त गोळीची परीक्षा घ्यायची तर सरकारने, विद्यापीठांनी पैसा घालायला हवा. ज्यांना स्वस्त औषधाची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यासाठी कुणी तरी हे करायलाच हवं.

कदाचित उद्या आपल्याच घरातल्या कुणाला मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात विचारतील, "चाचणीत भाग घेता का?" तेव्हा घाबरून पळूही नका आणि डॉक्टर सांगतायत म्हणून डोळे मिटून सहीही करू नका. आपल्या देशात २०१९ चे नियम आहेत. नैतिकता समितीची परवानगी असल्याशिवाय चाचणी करता येत नाही. चाचण्यांची नोंद २००९ पासून सरकारी नोंदणीत करणं बंधनकारक आहे, आणि ती नोंद मोबाईलवरून कुणालाही फुकट बघता येते. गटातल्या बारावी झालेल्या मुलीला सांगा, ती शोधून देईल. संमतीपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत मिळायला हवं, त्याची प्रत आपल्याकडे राहायला हवी. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, नुसता अंगठा चालत नाही. मध्येच सोडावंसं वाटलं तर कधीही सोडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. आणि हे विचारायला लाजू नका : "मला औषध नसलेली गोळी मिळू शकते का? तेव्हा माझे चालू उपचार सुरू राहतील ना?"

आता फळीवरच्या त्या गोळीकडे वळते. चाचणीत तीच गोळी देतात, मग घरी का नको? चाचणीत आधी रक्त तपासतात, मध्ये तपासतात, यकृतावर परिणाम दिसला तर थांबवतात. घरी ते कोण बघणार? स्टॅटिनने काही जणांचे स्नायू दुखतात, क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंडापर्यंत त्रास पोचतो. इतर काही औषधांशी तिचं पटत नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर तिचा असर कमी होतो, काही अँटिबायोटिक्सबरोबर अंगात तिचं प्रमाण वाढतं. गरोदरपणात ती सहसा बंद करतात, आणि क्रोन्स तर मुलंबाळं होण्याच्या वयातला आजार. त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. नवी गोळी मिळाली या भरवशावर मुलगा चालू औषधं सोडेल. सूज परत चढेल आणि नवा व्रण धरेल. आणि दुसरीकडे काकांची गोळी अर्धी झालेली. एका पाकिटात दोन माणसांचं नुकसान. उलट ज्याला क्रोन्स आहे आणि हृदयासाठी डॉक्टरांनीच स्टॅटिन दिलं आहे, त्याने हा लेख वाचून ते बंद करू नये.

अरुंद आतड्याचा रुग्ण घरात असेल तर एवढं ध्यानात ठेवा. पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबत नाहीत, संडास आणि वाराही सरत नाही, तर ओवा, सोडा, एरंडेल काही देऊ नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा. आतडं अडलेलं असताना जुलाबाचं औषध दिलं तर आतडं फुटू शकतं. एरवी कणसाचे दाणे, फणसाचे गरे, चोथ्याच्या भाज्या असं काय चालेल, काय नाही ते त्या-त्या रुग्णाच्या डॉक्टरांना विचारावं. विडी-सिगरेट असेल तर सोडावीच, तिच्यामुळे क्रोन्स बळावतो हे मात्र सिद्ध झालेलं आहे.

पैशाचं म्हणाल तर ऑपरेशन ठरलं की गटातून कर्ज काढण्याच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, ऑपरेशन योजनेत बसतं का ते ते बघून सांगतात. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधीच कागद तयार ठेवता येतात. घाईत रात्री नेलं की खासगीत पैसे भरावे लागतात आणि मग तीन वर्षं हप्ते. जाताना सगळी फाईल न्या : दुर्बिणीचा रिपोर्ट, तुकड्याचा रिपोर्ट, सिटी स्कॅन, आणि टीबीचे उपचार झाले असतील तर त्यांचा कागद. मुंबईहून गावी गणपतीला आलेला मुलगा औषधं विसरून येतो, म्हणून चालू औषधांच्या चिठ्ठीचा फोटो आईच्या मोबाईलमध्येही असू दे.

काकींना मी सांगितलं आहे की पुढच्या तपासणीला मुलाने तो मेसेज डॉक्टरांना दाखवावा आणि सरळ विचारावं, "माझ्या व्रणासाठी अशी चाचणी कुठे चालू आहे का?" बाकी कुणाकडे असा मेसेज आला असेल तर पुढे पाठवण्याआधी आपल्या सीआरपी ताईंना दाखवा, त्या माझ्यापर्यंत पोचवतील. पुढच्या अंकात मधुमेहाच्या गावठी औषधांबद्दल आलेल्या तीन मेसेजविषयी लिहिणार आहे.

– क्षेत्र समन्वयक